पापाचं पोर

पोशेऱ्यात हेमंत गुरुजींच्या ओसरीवर रविवारची प्रार्थना चालली होती. गुरुजी नव्यानं ख्रिस्ती झालेले, त्यामुळे नेमाला फार कडक. प्रभुभोजनाचा प्याला फिरवत ते योगितापाशी आले आणि त्यांना शिसारीच आली. लग्नाशिवाय काळ्या नावाच्या पोराच्या घरी राहायला गेलेली ही पोरगी, पोट पुढं आलेलं, आणि हिचे ओठ प्रभूच्या प्याल्याला लागणार!

त्यांनी प्याला मागं ओढला. "ऊठ इथून. असलं पापाचं पोर माझ्या ओसरीवर नको."

"गुरुजी, प्रभूनं तर तसल्या बाईला दगड मारू दिले नव्हते," मागून कुणीतरी चाचरत म्हणालं.

"पण पाप सोड, असंही बजावलं होतं!" गुरुजी कडाडले. "आणि ती बसली ती चटई धुऊन काढा."

योगिता मान खाली घालून उठली. गुरुजींची म्हातारी आई बुधी भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. तिनं योगिताचा हात धरून तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि लेकाकडे पाहिलं.

"हेमंता, माझ्या आन् तुझ्या बापाच्या लग्नात सगळ्यांच्या पुढं तूच नाचलेलास ना रं?"