तडा

"दुसरी तार खोटी बोलतेय," कोपऱ्यातून आई म्हणाली.

स्पर्धेसाठी तंबोरा लावत बसलेली वैजू खेकसली, "मडकी विकणाऱ्या बाईला गाण्यातलं काय कळतं?"

शेजारी बसलेल्या गाण्याच्या गुरुजींनी मात्र ती तार छेडली. खरंच उतरली होती.

"बाई, गाणं कुठं शिकलात?"

आईनं बोटावरचा घट्टा पदराखाली लपवला. "मी कुठली शिकतेय! वीस वर्षं रोज एकेक मडकं वाजवून बघते. तडा गेलेलं गिऱ्हाइकाला देत नाही. कानाला सवय झाली, एवढंच."

देवानंच गळा दिलाय म्हणत महिनाभर रियाज चुकवणाऱ्या वैजूची मान खाली गेली. तिनं तंबोरा आईपुढं आणून ठेवला. "तूच सांग, कुठवर चढवू?"

आईनं आधी तंबोऱ्याचा भोपळाच वाजवून बघितला.

"हा पक्का आहे. पीळ आता तार."