पंपावरची शिलाई

देश पालथा घालायला निघालेल्या तिघी मैत्रिणींची गाडी पेट्रोलपंपावर ढकलत आणावी लागली. पेट्रोल संपलं, पैसेही. “भावाला फोन लाव,” चुळबुळ्या दोघी तिसरीच्या, शिंपिणीच्या मागे लागल्या. लावला असता, पण दादा पैशांबरोबर स्वतःही आला असता आणि त्यानं तिला पुन्हा आपल्या शिलाईच्या दुकानात पडद्यामागं काजबटणांना बसवलं असतं. पंपमालक काका खुर्चीतून उठेनात. “काका, उठा की!” “कसा उठू, पोरींनो? पँट उसवलीय!” दोघी फिदीफिदी हसल्या. शिंपिणीनं मात्र डिकीतून हाताचं शिलाई मशीन काढलं. काका टॉवेल गुंडाळून बसले. शिवण ओढून बघत म्हणाले, “नवी होती तेव्हाही एवढी पक्की नव्हती! भरतो पेट्रोल.” तेवढ्यात दादाचाच फोन. “संपले ना पैसे? येऊ न्यायला?” तिनं वर पाहिलं. चार ट्रकवाले फाटके शर्ट घेऊन रांगेत होते. “नंतर बोलू, दादा. दुकानात गर्दी आहे.”