मार्फत

“स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय ते वाचा,” फोनमधून मुलगी म्हणाली.

ऑपरेटरांनी चष्मा वर सरकवला. फोन स्पीकरवर टाकून त्यांनी जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. समोर बायकोचा लॅपटॉप होता. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन खूप वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना अजून ऑपरेटरच म्हणत.

“‘इंटरनेट नाही. प्रॉक्सी सर्व्हरमध्ये काहीतरी बिघाड आहे किंवा पत्ता चुकीचा आहे.’”

“काल काही केलंत का तुम्ही?”

“सेटिंगमध्ये गेलो होतो.”

“कशाला?”

“काय काय आहे ते बघायला. एक बटण बंद होतं. म्हटलं, चालू केलं तर काय होतंय बघू.”

“मग काय झालं?”

“काहीच नाही. म्हणजे, हे झालं.”

मुलगी हसली. ऑपरेटरांना बरं वाटलं. एरवी त्या दोघांचं फोनवरचं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘जेवलो’ एवढ्यावर संपायचं. बाकीचं सगळं बायको बोलायची, आणि फोन ठेवल्यावर त्यांना सांगायची. ती गेल्यापासून ‘जेवलो’च्या पुढे गाडी सरकत नव्हती. त्यांना मुलीकडे जाऊन राहायचं होतं, आठ-दहा दिवस तरी. पण येऊ का, हे कसं विचारायचं ते कळत नव्हतं. शेवटी आधी तिकीट काढावं आणि मग बघावं, असं ठरवून ते सकाळी लॅपटॉपसमोर बसले, तर स्क्रीनवर त्या ओळींच्या वर काढलेला हा रुसलेला चेहरा.

“पण नेट एवढं कशाला हवंय आत्ता?” मुलीने विचारलं.

“हवामान बघायचंय.”

“खिडकीतून बघा की.”

“इथलं नाही.”

“मग कुठलं?”

“ते प्रॉक्सी म्हणजे काय, ते सांग आधी. तू कॉलेजात मैत्रिणीच्या नावाने हजेरी लावायचीस, तेच का?”



“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“आईने.”

“कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली होती मी तिला!”

“कुणाला नाही सांगितलं तिने. मलाच सांगितलं.”

“धन्य आहे,” मुलगी म्हणाली. “बरं, ऐका. ब्राउझर एरवी थेट बाहेर जातो. प्रॉक्सी लावली की मध्ये एक मशीन येतं. आपण त्याला सांगायचं, ते पुढे विचारतं आणि उत्तर आपल्याला आणून देतं.”

“म्हणजे माझीच नोकरी.”

“हो, तुमचीच.”

ऑपरेटर पुढे झुकले. आता त्यांना खरोखर उत्सुकता वाटू लागली होती.

“मग त्या जागेवर कुणी बसलेलं नाही का?”

“नाही. तो पत्ता आईच्या ऑफिसचाच असावा. घरून काम करायची तेव्हा तिने भरून ठेवला असेल. ते मशीन कधीच काढून टाकलं असणार त्यांनी.”

“आणि हा अजून तिथेच विचारतोय?”

“तुम्ही बटण चालू केलंत ना. बंद करेपर्यंत तिथेच विचारत बसणार.”

“उत्तर येत नाही तरी?”

“तरी.”

ऑपरेटरांनी स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“उजवीकडे वर तीन ठिपके दिसतात का?” मुलीने विचारलं. “तिथून सेटिंग. मग सिस्टम. मग प्रॉक्सी.”

ते एकेक करत पोचले. पत्ता तिथे होता, आकड्यांचा, मध्ये टिंबं. शेजारी कालचं बटण.

“हे बंद केलं की पत्ता पुसला जाईल का गं?”

“नाही. पत्ता तसाच राहतो. फक्त त्याच्यामार्फत जायचं थांबतं.”

त्यांनी बटणावर बाण नेला. थोडा वेळ तिथेच ठेवला. मग दाबलं.

पान पुन्हा उघडल्यावर रुसलेला चेहरा गेला. तिकिटांचं निळं पान आलं. वर दोन चौकटी: ‘कुठून’ आणि ‘कुठे’.

“आलं का?”

“आलं.”

“चला, सुटलं एकदाचं. जेवलात का?”

“जेवलो.”

“बरं. ठेवू मग?”

ऑपरेटरांनी ‘कुठून’मध्ये आपल्या गावाचं नाव भरलं. पलीकडे कुणीतरी तिला हाक मारत होतं, आणि ती आले आले म्हणत होती. त्यांनी फोन साखरेच्या डब्यापासून उचलून हातात घेतला.

“थांब. तुझ्या स्टेशनचं स्पेलिंग काय आहे?”

“हवामानाला स्टेशन कशाला लागतं?”

“हवामानाला नाही. तिकिटाला.”

पलीकडची हाक पुन्हा ऐकू आली. या वेळी तिने ओ दिली नाही.

“कुणाचं तिकीट?”

“माझं. मला यायचंय तुझ्याकडे. येऊ का?”

“लिहा,” ती म्हणाली. मग तिने पहिलं अक्षर सांगितलं. त्यांनी एका बोटाने ते दाबलं. मग दुसरं. तिसऱ्यापाशी ती अडखळली.

“काय झालं? स्वतःच्या स्टेशनचं स्पेलिंग येत नाही होय तुला?”

“येतं हो बाबा,” ती म्हणाली. “थांबा ना जरा.”

ते थांबले. स्क्रीनवर दोन अक्षरांपुढे कर्सरची बारीक उभी रेघ उघडझाप करत राहिली.