माळढोकाची हाक

“हललं! मृदुलाताई, अंडं हललं!” प्राण्यांची निगा राखणारे उस्मानचाचा ओरडले.

शेवटचा माळढोक मरून बावीस वर्षं झाली होती. प्राणिसंग्रहालयाच्या संचालक बेलसरेबाईंनी तेव्हा हट्टाने गोठवलेल्या पेशींतून हे अंडं तयार झालं होतं. बाई मात्र गेल्याच महिन्यात वारल्या होत्या; अंड्यापाशी आता त्यांची लेक मृदुला होती.

कवच फुटेना. माळढोक मादीच्या ध्वनिमुद्रित हाकेला पिल्लू उत्तरच देईना. ते दमत चाललं होतं.

“बाई मादीची हुबेहूब हाक द्यायच्या. लेकीला शिकवली असेलच!”

“लहानपणी, चाचा. आता नाही जमायचं.”

“मग वाईट जमवा, पण लवकर!”

मृदुला उबवणी यंत्राच्या काचेवर वाकली. घशातून हलका, घुमता आवाज निघाला.

आतून बारीक उत्तर आलं.

“बोललं!” चाचांनी टोपीच उडवली.

कवचाला तडा गेला. ओली चोच बाहेर आली, तरी मृदुला हाका मारतच राहिली.