पुरे

वर्तनोपचाराची परीक्षा पास होऊन ताई नुकतीच कामाला लागली होती, आणि पहिल्याच घरी तिची गाठ पडली ती चावऱ्या मुलीशी. पोर बोलत नव्हती. काही नकोसं झालं की समोरच्याच्या हाताला कडकडून चावायची. चावण्याऐवजी 'पुरे'चं लाल कार्ड हातात द्यायचं, हे ताई तिला रोज शिकवत होती. हातावर वळ उठायचे, पण ताई हटली नाही.

आज ठोकळे रचता रचता मुलीचं बिनसलं. तिने ताईचा हात ओढला, तोंडापाशी नेला, क्षणभर थांबली आणि हातात लाल कार्ड कोंबलं. ताईने कार्ड तिच्याजवळ परत ठेवलं आणि लगेच उठून बाहेर आली.

"हाकललं वाटतं तुम्हाला?" दारातली आई ओशाळली. "माफ करा हं."

"अहो, माफी कसली? चावली नाही, सांगितलं तिने. आता तुम्ही जा, तुम्ही बसा तिच्याजवळ."

थोड्या वेळाने आईही बाहेर आली आणि ताईशेजारी पायरीवर टेकली. हातात लाल कार्ड होतं.

"मलाही हाकललं," डोळे पुसत ती हसली. "पहिल्यांदाच बोलली हो माझ्याशी."