भीती ओळखणारी कमान

एसटी स्टँडच्या कमानीखाली घाबरलेलं माणूस आलं की दिवा लाल व्हायचा. पळवून नेलेल्या कितीतरी पोरी त्यामुळे सापडल्या होत्या.

मैना लांबच्या मावशीबरोबर शहरात पार्लरच्या कामाला निघाली होती. पोरगी हसत गेली, मावशी निवांत गेली. दिवा दोघींना हिरवाच. तरी पहाऱ्यावरच्या यमुनाबाई दोघींच्या पाठीकडे बघत राहिल्या.

"थांब गं!" म्हणत मैनाची आई लेकीच्या हातावर दही घालायला कमानीखाली आली. दिवा लालभडक झाला.

यमुनाबाईंनी आईचं मनगट धरलं. "ताई, जाणारी हसतेय. मग मागं राहणाऱ्या तुम्ही कशाला एवढ्या भ्यालात?"

आईनं लेकीकडे बघितलंच नाही; मावशीनं दिलेलं नोटांचं पुडकं तेवढं दुसऱ्या हातानं पदराखाली सारलं.