दोन्हीकडच्या अक्कलदाढा

"तोंड उघड पाहूं," राजसबाई म्हणाल्या.

शर्मिष्ठाने ओठ घट्ट मिटून मान हलवली. तोंडात टाके होते, पण ते दाढांच्या जागी नव्हते. गालांच्या आतल्या बाजूला होते.

"दाढा काढल्या म्हणतीस. दोन्हीकडच्या?"

"अक्कलदाढा, मामी. दोन्हीकडच्या."

"हं," म्हणून राजसबाईंनी दहीभाताची वाटी पुढे केली. भात अगदी मऊ कालवलेला, मिरची-मोहरी काही नाही. शर्मिष्ठा खाईपर्यंत त्या समोर बसून तिच्या गालांकडे टक लावून पाहत राहिल्या. राजसबाईंचे स्वतःचे दात केव्हाच एकूण एक पडले होते. वरखाली कवळ्या होत्या आणि दुपारी झोपताना त्या पाण्याच्या वाटीत जात. अशा बाईला दाढेची थाप मारायची म्हणजे सोनाराला पितळ विकण्यासारखंच होतं.

शर्मिष्ठा मूळची सांगलीची. दूर दक्षिणेत, इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती डिझायनर होती आणि माम्बलमला राजसबाईंच्या, म्हणजे तिकडच्या रीतीने 'मामीं'च्या, माडीवर भाड्याने राहत होती. तिशी आली तरी तिचे गाल लहान बाळाचे. कारखान्यात सगळे तिला 'बेबी' म्हणत, आणि तिने काढलेलं ड्रॉइंग पाहून 'जरा मोठ्या साहेबांना दाखवून आण' म्हणत. ती या बेबीपणाला विटली होती. शेवटी तिने डॉक्टर गाठला आणि गालांतली चरबी काढून घेतली.

आईला हा बेत तिने एकदा बोलून दाखवला होता. आईने फोनवरच सुनावलं, "चांगल्या तोंडाला सुरी लावलीस तर त्या दिवशी तुझी नोकरी बंद. मी येऊन घेऊन जाईन." आई नुसतं बोलत नसे, करत असे. घरमालकिणीशी तिची फोनवर घट्ट मैत्री होती, हे त्याहून वाईट.

आणि एवढं करून गाल कुठे कमी झाले होते? उलट टम्म फुगले होते, उजवा जरा जास्तच. सूज उतरून खरा आकार दिसायला दोन-तीन महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाला होता. शर्मिष्ठा सकाळ-संध्याकाळ आरशासमोर उभी राही. एक गाल बसला आणि दुसरा तसाच राहिला तर? तिला खरोखर भीती वाटत होती. ऑर्कुटवर तिने स्वतःचा फोटो हटवून त्या जागी सूर्यफुलाचं चित्र लावून टाकलं होतं.

राजसबाईंच्या चौकशा मात्र संपेनात.

"तुज फार दुखलें काय गे?"

"नाही फार."

"बाहेरून वण?"

"दाढेचा वण बाहेर कसा येईल, मामी?"

"तेंही खरेंच." मग गालाजवळ वाकून, "संक्रांतीपर्यंत उतरेल ना अस्की सूज? सगळी?"

शर्मिष्ठाने घाईघाईने मान डोलावली. संक्रांतीनंतर राजसबाईंचे यजमान माधवराव साठीचे होणार होते. तंजावरहून आलेल्या या मराठी घराण्यांत साठीला नवराबायकोचं पुन्हा लग्न लावतात. हार, मंगळसूत्र, जेवणावळ, सगळं साग्रसंगीत. व्हिडिओवाला ठरला होता. दिवाणखान्यातला पहिल्या लग्नाचा फोटो, त्यातली ती हनुवटी निमुळती असलेली सोळा वर्षांची राजस, आता गोलमटोल चेहऱ्याच्या राजसबाई हल्ली रोज पुसत होत्या. आणि या लग्नाला शर्मिष्ठाच्या आईला आग्रहाचं बोलावणं होतं. तोवर सूज गेली तर 'कामाने बारीक झाले' म्हणून निभावता आलं असतं. पण त्याआधी कुणी चहाडी केली तर?

ती शंका लवकरच खरी ठरलीशी वाटली. शर्मिष्ठा जिन्यावर होती आणि खाली राजसबाई दबक्या आवाजात फोनवर बोलत होत्या.

"होय, पोरीस सगळें विचारून घेतलें. दाढा कसल्या! जांभई देतांना पाहिलें, गालांना आंतून टाके आहेत... दवाखान्याचें नांव औषधाच्या पिशवीवर होतें... नको, तिला कळतां कामा नये. तूं ये, मग पाहूं."

शर्मिष्ठा तिथेच पायरीवर बसली. संपलं सगळं. नोकरी, माडीवरची खोली, स्वतःच्या पैशाने घेतलेली छोटीशी स्कूटर. राग आला तो आईचा नाही, दहीभात भरवून पोटात शिरणाऱ्या राजसबाईंचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच राजसबाई जरीकाठी साडी नेसून तयार झाल्या. हातात पिशवी, मागे माधवराव.

"तांबरमला बहिणीकडे जाऊन येत्यें," त्या म्हणाल्या, पण नजर चुकवून.

बहिणीकडे जाताना यांना एवढं चोरट्यासारखं व्हायला काय झालं? शर्मिष्ठाने आईला फोन लावला. लागेना. गाडीत असली की आईचा फोन लागत नसे. म्हणजे ही दोघं स्टेशनवर तिला घ्यायला गेली होती.

दिवसभर तिने बोलायची तयारी केली. 'आई, चेहरा माझा आहे.' नको, फार नाटकी. 'आई, मी चुकले.' पण ती चुकली नव्हती, हे तिला आत्ता या सुजलेल्या गालांनिशीही पक्कं वाटत होतं. शेवटी तिने ठरवलं, खरं ते सांगायचं आणि काहीही झालं तरी सांगलीला जायचं नाही.

संध्याकाळी दारात रिक्षा थांबली. शर्मिष्ठा भराभर जिना उतरली आणि बेल वाजायच्या आत तिने दार उघडलं.

आई नव्हती. माधवराव होते, आणि मागे रिक्षात, फोनवर बोलावून घेतलेली तांबरमची बहीण. त्यांच्या एका हातात औषधांची पिशवी आणि कवळ्यांची डबी होती. दुसऱ्या हाताने त्यांनी राजसबाईंना धरलं होतं. राजसबाईंनी डोळ्यांखालपासून सगळं तोंड पदराने गुंडाळलं होतं.

"मामी! काय झालं?"

राजसबाईंनी गल्लीत दोन्ही बाजूंना पाहून घेतलं आणि पदर जरासा खाली ओढला. दोन्ही गाल टम्म फुगलेले. उजवा जरा जास्तच.

"अक्कलदाढा," ओठ न हलवता त्या कशाबशा म्हणाल्या. "दोन्हीकडच्या."